अंकितची अठाई

ता. ३ ऑगस्ट, रविवार

सुरतेहून टेम्पोने आलेलं सामान: सुटकेस दोन, गादी एक, पंखा एक, कुकर, मिक्सर (भांडं फुटलेलं), गोणीत भरलेली स्टीलची भांडी. भाडं अडीच हजार. हमाल तीनशे मागत होता, दोनशेवर आणला. औषधाची बाटली एक, गोळ्या तीस, सरकारी, किंमत काही नाही. आणि अंकित.

तो मागून बसने आला. टेम्पोत जागा होती, भाडं वाचलं असतं. पण ड्रायव्हरशेजारी तीन तास बोलत बसावं लागलं असतं, म्हणाला. वजन फार उतरलं आहे. एकोणतीस वर्षांचा मुलगा, मनगट माझ्या मनगटाएवढं.

लिहावं की नाही, दुपारपासून ठरत नव्हतं. घरात आम्ही मारवाडी बोलतो. माझी शाळा दहावीपर्यंत मराठी, म्हणून लिहायची सवय मराठीतली. अंकितचे पप्पा मराठी वाचायचा कंटाळा करतात, तेव्हा लिहायला हरकत नाही. अंकितला एचआयव्ही आहे. मार्चमध्ये सुरतेच्या दवाखान्यात निघालं. सूनबाईची, रूपलची तपासणी चांगली आली, तिची पुण्याई. महिन्याभरात ती माहेरी निघून गेली. कसं झालं, कोणापासून, मी विचारलं नाही. यांनी विचारलं. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोललेले नाहीत.

गावात कावीळ सांगायचं ठरलं आहे. विसरवाडीत आपल्या जैनांची अकरा घरं. एका घराला कळलं की अकरांना कळलं. त्याची थाळी आणि पेला वेगळा काढून वरच्या फळीवर ठेवला, पेल्यावर खिळ्याने ‘अं’ कोरलं. जेवून स्वतःच धुऊन ठेवली. समजूतदार आहे.

अडचण एकच. सासूबाईंपासून या घरात सूर्य मावळल्यावर कोणाच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. अंकितची गोळी रात्री नऊची. औषधाला दोष नाही म्हणतात. पण माठावरचं झाकण वाजलं की माझ्या जिवाला लागतं. आज नव्या बाटलीचं सील फोडलं त्याने, त्यातली पहिली गोळी घेतली. मी माळ ओढत बसले.

ता. ६ ऑगस्ट

दुपारी दारात एक बाई. छत्री, खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र. धनुबाई नाव, मोलगीकडच्या डोंगरातली. हा आजार असलेल्यांची जी संस्था आहे, तिच्यातर्फे घरोघर फिरते. अंकितने नंदुरबारच्या दवाखान्यात नाव नोंदवलं तेव्हा तिथे भेटली म्हणे. मी पायरीवरच थांबवलं. समोरची खिडकी उघडी होती.

“कावीळनं इचाराले उनी मी,” ती समोरच्या खिडकीला ऐकू जाईल असं म्हणाली आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

पाणी दिलं, अंकितच्या पेल्यात. नाहीतरी तो वेगळाच काढलेला. तिने कोरलेलं अक्षर अंगठ्याने चाचपलं. “हाऊ पेला त्याना शे का? मंग बराबर. मन्हा बी तोच आजार. अकरा साल हुई गयात, गोया खाई ऱ्हायनी. मरनी का मी?” आणि हसली. मग हळू म्हणाली, “माय, पेलाघाई हाई लागस नै. थाळीघाई नै, कपडाघाई नै. तू त्याना संगे जेव.”

मी मान हलवली. ती म्हणाली, गोयी एक दिन बी चुकानी नै. मी म्हटलं, रोज नऊ वाजता विचारते मी त्याला.

“ते झायं शरीरनं. आते डोकानं इचार. झोप लागस का? जेवस का? जीव देवानं काही बोलस का?”

मला इतका राग आला! दारात उभं राहून असलं अभद्र कोणी तोंडातून काढतं? मी म्हटलं, “बाई, आमच्या घरात मुंगी मरू देत नाहीत.”

“मुंगीनं नै इचारत मी.”

मी दार लोटायला लागले. ती जागची हलली नाही. म्हणाली, इचारीसन तसा इचार डोकात येत नै, माय. आधीच व्हई ते बाहेर निंघस. मग नंबर सांगितला. वेगळा कागद कशाला खराब करायचा, म्हणून याच वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

अंकितला यातलं काही सांगितलं नाही. पोराला उगाच कशाला.

ता. ९ ऑगस्ट, राखी

मुस्कान शहाद्याहून आली. मुलांना आणलं नाही, त्यांना खोकला आहे. राखी बांधली, ओवाळलं. पेढा भावाच्या तोंडात न घालता हातात दिला. लहानपणी बळेच कोंबायची, तो चावायचा, ती ओरडायची. आता मोठी झालीत दोघं. पाण्याची बाटली तिची तिने घरून आणली होती, आपल्याकडचं पाणी हल्ली जड लागतं म्हणाली. जेवायला थांबली नाही, साडेतीनची बस गाठायची होती. तिला मीच फोनवर आजाराचं सांगितलं होतं. सख्खी बहीण, तिच्यापासून काय लपवायचं.

तो आल्यापासून हसला नव्हता तेवढं आज हसला. ती गेल्यावर पेढा गाईला घालून आला.

ता. ११

दुकानात बसतो म्हणाला. हे म्हणाले, “गिऱ्हाईक विचारतं, काविळीचा माणूस गूळ कसा तोलतो?” माझ्याकडे बघून म्हणाले, त्याच्याकडे नाही. म्हणून तो मागच्या गोदामात पोती मोजत बसतो. काल मोजली, आज पुन्हा मोजली.

रात्री त्याच्या खोलीतला दिवा चालूच असतो. म्हटलं, वीज जळते रे. आता अंधारात जागा असतो.

ता. १४ ऑगस्ट

पर्युषण या आमच्या आठ दिवसांच्या पर्वासाठी खाखरे, कडक पातळ पोळ्या, करायला बसले. अंकित शेजारी येऊन बसला, गोळे करून द्यायला लागला. लहानपणीसारखं वाटलं. त्याने विचारलं, “मम्मी, दादीने संथारा घेतला तेव्हा ती घाबरली होती का?”

सासूबाई नव्वदीच्या. अन्न जात नव्हतं, अंग खंगलेलं. गुरुमहाराजांची आज्ञा घेऊन, सगळ्यांना खमावून, क्षमा मागून, त्यांनी अन्नपाणी सोडलं. शेवटी किती गावांहून लोक दर्शनाला आले! मी सगळं सांगितलं. चेहरा कसा शांत होता, तेही सांगितलं. तो नीट ऐकत होता. म्हणाला, “तरुण माणसाला घेता येतो?”

मी म्हटलं, “छे. त्याला वय लागतं, आज्ञा लागते. जिवाला कंटाळून घेतलेला तो संथारा नव्हे.”

“मग कंटाळून असतं ते काय?”

“पाप,” मी म्हटलं, आणि खाखरा उलटला. एक बाजू करपली होती.

त्याने उरलेले गोळे करून दिले. एकसारखे, सुरेख. मुलाला धर्माची गोडी लागली आहे. सामायिकाला, रोजच्या ध्यानाला, बसले तेव्हा मन भरून आलं.

ता. २१ ऑगस्ट, पर्युषणाचा पहिला दिवस

अंकितने अठाई धरली! आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य वर आल्यापासून मावळेपर्यंत. घरात अठाई करणारा तो सासूबाईंनंतरचा पहिला. मी कधी पाचच्या पुढे गेले नाही.

यंदा विसरवाडीत साधुसाध्वींचा चातुर्मास नाही. व्याख्यानाला दोन स्वाध्यायी भाऊ आले आहेत, पण ते उशिरा उठतात. म्हणून पच्चक्खाण, म्हणजे त्या दिवसाच्या उपवासाचा संकल्प, सकाळी मीच म्हणून त्याला दिला. तो हात जोडून समोर उभा.

गोळीचं विचारलं. उपवासात तोंडात काही घालत नाहीत, औषधसुद्धा नाही, आणि रात्री तर पाणीही नाही. “आठ दिवसांनी काय होतंय, मम्मी,” म्हणाला. ती डोंगरातली बाई एक दिवसही नको म्हणाली होती. पण तिला तपाचं बळ काय ठाऊक? मनात एकदा आलं, फोन करून विचारावं. फोन घेतलाही. मग वाटलं, तिला विचारायचं म्हणजे तिचंच ऐकायचं. ठेवून दिला.

ता. २५

पाचवा दिवस. ओठ फुटलेत. पण घराचा रंगच बदलला! साता, म्हणजे खुशाली, विचारायला लोकांची रीघ. अकराही घरं आली, नवापूरहून दोन गाड्या आल्या. अंकित पुढच्या खोलीत पाटावर, पांढऱ्या कपड्यांत. बायका त्याच्या पाया पडतात. आणि हे! हे त्याच्या शेजारी बसतात, स्वतःच्या हाताने वारा घालतात. आज म्हणाले, “अंकित बेटा, पाय दाबून देऊ का?” मार्चपासूनचा पहिला शब्द.

अंकित म्हणाला, “नको पप्पा. बसा नुसते.”

कावीळ सांगितलेल्या पोराला भेटायला वीस दिवसांत कोणी फिरकलं नव्हतं. तपस्व्याला सगळे आले. धर्मात किती शक्ती आहे.

रात्री त्याला विचारलं, त्रास होतो का? म्हणाला, “नाही मम्मी, बरं वाटतंय. काही घ्यावं लागत नाही, काही सांगावं लागत नाही. असंच राहिलं तर बरं.”

ता. २८ ऑगस्ट, संवत्सरी

आठवं पच्चक्खाण दिलं. संध्याकाळी प्रतिक्रमण, केलेल्या दोषांची आठवण, झालं, मग सगळे सगळ्यांना हात जोडून वर्षभराची क्षमा मागतात, तशी मागितली. बाकीचे घाईघाईत उरकतात. अंकितने एकालाही सोडलं नाही. रूपलला सकाळीच फोन केला, मी दाराबाहेर होते. “तुझं चुकलं नाही, तू नवीन सुरुवात कर, मिच्छामि दुक्कडम्,” एवढंच ऐकू आलं. दुकानातल्या रेवजी हमालालाही हात जोडले. रेवजी घाबरून म्हणाला, “शेठ, मी काय कयं?”

माझ्याकडे शेवटी आला. पायांवर डोकं ठेवलं, किती तरी वेळ उचललं नाही. म्हणाला, “मम्मी, मोठी चूक झाली तर तीही माफ करशील?” मी म्हटलं, “आज सगळंच माफ.” माझे पाय ओले झाले. त्याची अशी भक्ती बघायला मी कोणतं पुण्य केलं होतं!

ता. २९

पारणं. यांनी चमच्याने मुगाचं पाणी पाजलं. फोटो काढले. मुस्कान आली नाही. लोक गेले. पाट उचलला. हे दुकानात गेले. जेवणं आवरून मी दमून पडले. रात्री नऊला विचारायचं राहून गेलं.

ता. २ सप्टेंबर

शब्बीर आला. नाक्यावर पंक्चरचं दुकान आहे त्याचं, अंकितच्या वर्गातला. अंकित जैन स्थानकात, प्रार्थनेला गेला होता. शब्बीरने अंकितच्या इथल्या जुन्या मोटरसायकलची चावी माझ्यासमोर धरली.

“काकी, हाई धर. अंकितनी गाडी मले दिधी. कागदंबी दिधात, सही करीसन.”

“दिली तर घे की.”

“काकी, तो चाकमा हवा भरीसन पैसा बुडाडे मन्हा. तो माणूस गाडी फुकट दी?” आम्ही दोघंही हसलो. मग त्याचं हसू गेलं. “माफीनं म्हनशी ते दरसाल मोबाईलवर टाकस, हात जोडेल फोटो. आवंदा घर उना. मन्ही मायना पाय पडना. मले बरं नै वाटनं.”

मी त्याला समजावलं, आमच्यात याला परिग्रह सोडणं म्हणतात. अठाई झाली की माणसाचं मन हलकं होतं.

“हलकं शे, काकी. म्हनीसनच भ्याव वाटस,” शब्बीर म्हणाला. चावी खुंटीला अडकवून गेला.

अंकित आल्यावर सांगितलं. “राहू दे खुंटीला, नंतर नेईल तो,” एवढंच. आमच्या गुरु महाराजसाहेबांचा चातुर्मास यंदा कुठे आहे, राजस्थानात ब्यावरला कसं जातात, विचारत होता. मला आनंदच झाला.

ता. ४ सप्टेंबर

पहाटे महाराजसाहेबांच्या दर्शनाला जातो म्हणून अंकित निघाला. मी खाखऱ्यांचा डबा भरून दिला. दारात थांबला, परत आत आला, फळीवरची थाळी काढून पुसली, पुन्हा ठेवली. मी म्हटलं बस चुकेल.

दुपारी पोचलास का विचारायला फोन लावला तर घरातच वाजला. त्याच्या कपाटात, कपड्यांखाली. शेजारी घड्याळ, अंगठी, पाकीट. आणि औषधाची बाटली.

गोळ्या मोजल्या. चोवीस.

पुन्हा मोजल्या. तीसमधून सहा गेल्या. तीन तारखेपासून सहा, म्हणजे आठ ऑगस्टपर्यंत घेतल्या. नऊला राखी होती. मी रोज नऊ वाजता विचारत होते, “घेतली?” तो रोज “हो” म्हणत होता. अठाई धरायच्या बारा दिवस आधीच त्याने गोळी सोडली होती. आणि मी आठ दिवस हात जोडून...

पुढे लिहवत नाही. वहीचं मागचं पान काढलं.

ता. ६ सप्टेंबर

परवा संध्याकाळी फोन केला, काल सकाळी पहिल्या गाडीने धनुबाई आली. तिला घरात घेतलं. समोरच्या खिडकीतून बघत होते, बघू देत. मी सगळं सांगितलं. संथारा, चावी, रूपलचा फोन, माफी, पाय. सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं. वेगवेगळ्या दिवशी लिहिलं तेव्हा ते वेगवेगळं होतं.

वाटलं, ती म्हणेल, मी तुले तवयच सांगेल व्हतं. ती तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, पोलिसात जा, आजच जा, आणि आजाराचंबी सांग, जीवनं भ्याव शे तेबी सांग. सगळीकडे फोन कर. घरमा एक जण थांब, तो वापस उना ते दार उघडं पाहिजे.

“तो उना ते काय बोलू मी?” मी विचारलं. छप्पन्न वर्षांची मी, तिला विचारते.

“उपदेश नको करू. इचार. मरानं वाटस का, असं सरळ इचार. आनी आयक. मले बी तसं वाटे, माय, पहिला साले. मन्ही सासू रोज चुलापुढे इचारे, आज कसं वाटस? दुसरं काही नै. रोज इचारे.”

हे ओट्यावर बसून ऐकत होते. पोलिसाचं नाव काढलं तेव्हा म्हणाले, “दुकानाचं नाव जाईल.” तासाभराने सदरा बदलला, अंकितचा अठाईतला फोटो घेतला आणि स्वतःच चौकीत गेले. परत आल्यावर मी विचारलं, आजाराचं सांगितलं का? म्हणाले, “तोंडातून कावीळच निघालं.” मग भिंतीकडे तोंड करून रडले. आज सकाळी पुन्हा गेले. या खेपेला धनुबाई सोबत होती.

ब्यावरच्या संघाच्या कार्यालयात फोन केला. मुनीम भला माणूस. पण म्हणाला, “बाईसा, रोज तीनशे दर्शनार्थी येतात. पांढरा सदरा तर सगळ्यांचाच.” काय कारण म्हणून विचारलं. मागे माणसं बोलत होती. मी सांगू शकले नाही. मीही कावीळच.

संध्याकाळी त्याच्या थाळीत जेवले. दोन घास गेले.

ता. ९ सप्टेंबर

हे आणि शब्बीर सुरतेला गेलेत, अंकितच्याच गाडीवर. जुनी खोली, मित्र, दवाखाना, सगळं बघून तिथून पुढे ब्यावर, पण कधी पोचतील सांगता येत नाही. मुस्कानला फोनवर पेढ्याचं बोलून गेले. बोलायला नको होतं, तिला काय माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं. ती रडत होती. मी घरात आहे. दार उघडं आहे. धनुबाई रोज सकाळी फोन करते आणि पहिल्यांदा मलाच विचारते, आज कसं वाटस? मी बरं म्हणते. ती म्हणते, खरं सांग.

महाराजसाहेब फोनला हात लावत नाहीत, पण बंद पाकीट स्वतः उघडतात. आज स्पीड पोस्टाने पत्र टाकलं. त्याची नक्कल ठेवते.

परमपूज्य महाराजसाहेबांच्या चरणी विसरवाडीहून श्राविका लाडकंवर रतनलाल हिची त्रिवार वंदना. आपणांस सुखसाता असो.

माझा मुलगा अंकित, वय एकोणतीस, उंच, बारीक, डाव्या भुवईवर व्रण, ता. ४ पासून आपल्या दर्शनाला म्हणून निघाला आहे. सोबत खाखऱ्यांचा स्टीलचा डबा, झाकणावर माझं नाव. त्याला एचआयव्ही आहे. हे मी पहिल्यांदाच कोणाला लिहिते आहे. त्याच्या जिवाला त्याच्याच हातून धोका आहे असं मला वाटतं. आपण त्याला एकटं सोडू नये, ही विनंती.

आठ दिवसांचं पच्चक्खाण त्याला मी दिलं. तो तप करत नव्हता, हे मला कळलं नाही. त्याने आपल्याकडे आणखी कसलं पच्चक्खाण मागितलं तर देऊ नये. त्याला सांगावं की गोळीला दोष नाही, रात्री नऊलाही नाही. मम्मी स्वतः पाणी काढून देईल. संवत्सरीला मी सगळं माफ म्हटलं होतं, तेवढं एक मी परत घेते. ते माफ नाही. त्याने घरी यावं. थाळी वेगळी ठेवलेली नाही.

माझा पत्ता लिहिलेलं कार्ड सोबत आहे, तिकिटाची गरज नाही. तो तिथे आला असेल तर कळवावं. आला नसेल तरी कळवावं. आपण लिहीत नसाल तर कोणा श्रावकाकडून दोन अक्षरं लिहवून घ्यावीत, पण उलट टपाली कळवावं.